फटफटीचें निदान

राज्यांचे इतिहास लिहिणारे पंडित राज्याच्या उदयापेक्षां त्याच्या ऱ्हासाचीं कारणें शोधण्यांत अधिक रमतात. यंत्रांच्या इतिहासाकडे मात्र आपण सारे याच्या अगदीं उलट दृष्टीनें पाहतों. कोणत्या सालीं कोणतें यंत्र निघालें, त्यानें ताशीं किती मैलांचा वेग गांठला आणि कोणत्या शर्यतींत कोण पहिला आला, एवढें सांगितलें कीं यंत्राचा इतिहास सांगून झाला अशी आपली समजूत असते. चालतें यंत्र थांबलें कां, हा प्रश्न इतिहासकाराचा नसून मिस्त्रीचा, असें ठरवून आपण तो गॅरेजच्या दारांत सोडून देतों. प्रस्तुत लेखांत तो प्रश्न तेथून उचलून वाचकांच्या बैठकींत आणावा असा आमचा विचार आहे.

मोटारसायकलीला आपल्याकडील लोकांनीं 'फटफटी' हें नांव दिलें तें तिच्या आवाजावरून. ज्या वस्तूचें नांवच तिच्या आवाजावर बेतलेलें, ती मुकी झाली म्हणजे धन्याच्या मनाची काय अवस्था होते हें ज्याचें त्यालाच ठाऊक. महाराष्ट्रांतील कित्येक घरांत वडिलांची किंवा आजोबांची एखादी बुलेट, जावा अथवा राजदूत ताडपत्रीखालीं उभी असते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते. अंगणांत ती दोन-चार किकांत सुरू होते, वेशीपर्यंत झोकांत जाते, आणि चार-सहा मैलांवर ऐन चढावर एकाएकीं बंद पडते. घटकाभर सांवलींत उभी केली कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत पुन्हां चालूं लागते. मग प्लग बदलला जातो, कार्बोरेटर खोलला जातो, नवी कॉइल येते. रोग मात्र जागच्या जागीं राहतो. शेवटीं "जुनें झालें, आतां चालायचें नाहीं" असा निकाल होऊन भंगारवाल्यास निरोप जातो. आमचें म्हणणें असें, कीं अशा बहुतेक गाड्या वार्धक्यानें मरत नाहींत, चुकीच्या निदानानें मरतात. आणि हें निदान करण्याची किल्ली त्या यंत्राच्या इतिहासांतच आहे. कारण फटफटींतील प्रत्येक सुधारणा ही मागच्या एखाद्या थांबण्यावरचा उपाय होती, आणि प्रत्येक उपायानें थांबण्याचें एक नवें कारण आपल्याबरोबर आणलें.

या इतिहासाचा आरंभ १८८५ सालीं होतो. जर्मनींत स्टटगार्टजवळच्या कान्श्टाट येथें गॉटलीब डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्याच्या एका दुचाकीवर आपलें २६४ घनसेंटिमीटरचें, सुमारें अर्ध्या अश्वशक्तीचें इंजिन बसविलें. तोल सांवरण्यापुरतीं बाजूंस दोन लहान चाकें होतीं. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत डाइमलरच्या मुलानें ही गाडी सुमारें तीन किलोमीटर चालवून दाखविली. इंजिन बैठकीच्या बरोबर खालीं होतें, आणि त्या प्रवासांत बैठकीनेंच पेट घेतला असें सांगतात. हें संभवनीय आहे, कारण त्या इंजिनांत ठिणगी नव्हतीच. सिलिंडरला एक बारीक नळी जोडलेली असे, आणि बाहेरून एका लहानशा दिव्याच्या ज्योतीनें ती सतत लाल ठेवावी लागे. आंत दाबलेला वायु त्या तप्त नळींत शिरला कीं पेटे. म्हणजे पहिल्या फटफटीचा प्राण अक्षरशः एका दिव्यांत होता. वाऱ्यानें दिवा मालवला कीं गाडी थांबे, आणि न मालवला तर बैठकीला धग लागे. शिवाय स्फोट नेमका केव्हां व्हावा हें नळीच्या मर्जीवर असल्यामुळें वेग वाढविण्यासही मर्यादा पडे. १८९४ सालीं म्यूनिक येथें हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांची मोटारसायकल संख्येनें तयार होऊन विकली जाऊं लागली; तिच्यांतही हीच नळी होती.

दुसरी अडचण इंधनाची. इंजिन कांहीं पातळ पेट्रोल पीत नाहीं. हवेंत मिसळलेली त्याची वाफ त्याला लागते. आरंभींच्या यंत्रांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन ती वाफ मिळवीत. परंतु पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाहीं. त्यांतला हलका अंश आधीं उडून जाई, जड अंश मागें राही, आणि सकाळीं चालणारें इंजिन दुपारीं त्याच पेट्रोलवर धापा टाकूं लागे. १८९३ सालीं मायबाखनें यावर तोड काढली. एका लहान वाटींत तरंगत्या फ्लोटच्या योगें पेट्रोलची पातळी कायम ठेवावयाची, आणि आंत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या जोरानें तें एका बारीक छिद्रांतून फवाऱ्यासारखें उडवावयाचें. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक सारे कार्बोरेटर हे याच युक्तीचे वंशज होत. मात्र या उपायानें थांबण्याचें एक नवें कारण जन्मास आलें. पूर्वीं पेट्रोलमध्यें वाळूचा कण असला तरी त्यानें कांहीं बिघडत नसे. आतां सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांत, म्हणजे जेटमध्यें, एक कण अडकला कीं संपूर्ण गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहूं लागली.

नळीच्या दिव्याला पर्याय शोधला तो पॅरिसच्या द दियाँ-बूताँ या कारखान्यानें. १८९५ च्या सुमारास त्यांनीं बॅटरी, कॉइल आणि इंजिनच्या गतीबरोबर उघडझांप करणारे विजेचे 'पॉइंट' यांच्या साहाय्यानें हव्या त्या क्षणीं ठिणगी पाडण्यांत यश मिळविलें. इंजिनाचे फेरे त्यामुळें मिनिटास दीड हजारांच्याही वर गेले. परंतु त्या काळची बॅटरी म्हणजे उसनवारीचा व्यवहार होता; भरलेली वीज संपली, कीं रानांत असा वा गांवांत असा, गाडी तेथेंच राहिली. तेव्हां गाडीनें आपली वीज आपणच निर्माण करावी ही कल्पना पुढें आली. स्टटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यांत १८९७ सालीं द दियाँच्याच एका तीनचाकीवर मॅग्नेटो बसविण्याचा प्रयोग यशस्वी झाला, आणि १९०२ सालीं त्याच कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. लोहचुंबकाच्या पोटांत तारेचें गुंडाळें फिरतें, त्यांत वीज उत्पन्न होते आणि प्लगच्या टोंकाशीं ठिणगी पडते. बॅटरी नको, कांहीं नको. चाक फिरतें तोंवर वीज आहे, असा हा स्वावलंबनाचा मंत्र होता.

मॅग्नेटो आला तरी प्लगची रड संपली नाहीं. २८ मे १९०७ रोजीं आइल ऑफ मॅन बेटावर टी. टी. नांवाची प्रसिद्ध शर्यत प्रथम भरली. एका सिलिंडरच्या गाड्यांत चार्ली कॉलियर हा मॅचलेस गाडीवर ताशीं सरासरी ३८ मैलांनीं पहिला आला. दोन सिलिंडरच्या गाड्यांत नॉर्टनवर बसलेला रेम फाउलर जिंकला, परंतु वाटेंत पुनःपुन्हां उतरून त्याला प्लग बदलावे लागले, आणि टायर फुटला तो निराळाच. इतका थांबूनही तो पहिला आला, यावरून इतरांची काय दशा झाली असेल याची कल्पना करावी. शर्यत त्या काळीं वेगाची खरी, पण ती तितकीच थांबण्याचीही होती. ज्याला आपली गाडी कां थांबली हें लवकर कळे, तो पुढें जाई.

१९१४ सालीं हीच गोष्ट एका संपूर्ण राष्ट्राच्या अनुभवास आली. महायुद्ध पेटलें तेव्हां इंग्लंडांतील मोटारी, विमानें आणि मोटारसायकली यांना लागणारे मॅग्नेटो बहुतांशीं जर्मनींतून, बॉशच्या कारखान्यांतूनच, येत असत. शत्रूनें ठिणगी द्यावी तेव्हां आपल्या लष्कराचीं इंजिनें चालावीं, असा तो चमत्कारिक प्रसंग होता. निरोप्यांच्या हजारों मोटारसायकली, मालाच्या लॉऱ्या आणि विमानें यांच्यासाठीं ब्रिटनला मॅग्नेटोचा धंदा जवळजवळ नव्यानें उभारावा लागला. बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीचें या क्षेत्रांत जें प्रस्थ पुढें वाढलें, त्याचें मूळ या टंचाईंत आहे. मॅग्नेटो आणि दिव्यांसाठीं लागणारा डायनॅमो एकत्र बांधलेला तिचा 'मॅगडायनो' पुढें कित्येक वर्षें इंग्रजी मोटारसायकलींच्या पोटांत बसलेला दिसतो.

आतां या स्वावलंबी यंत्राचा रोग पाहूं, कारण जुनी गाडी चालतां चालतां बंद पडण्याचें तें एक अत्यंत फसवें कारण आहे. चार फेरीचें एका सिलिंडरचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर त्याला सेकंदास पंचवीस ठिणग्या लागतात. प्रत्येक ठिणगीसाठीं पॉइंट उघडतात आणि तारेंतील वाहती वीज तोडतात. तुटणारी वीज सहजासहजीं थांबत नाहीं. ती पॉइंटमधील फटींतून उडी घेऊं पाहते. ती तेथेंच उडाली तर प्लगच्या वाट्यास कांहीं येणार नाहीं. म्हणून पॉइंटच्या जोडीस कन्डेन्सर नांवाचा एक लहान घटक असतो; तो त्या विजेचा लोंढा क्षणभर पोटांत घेतो, आणि त्यामुळें प्लगवर खणखणीत ठिणगी पडते. हा कन्डेन्सर म्हातारा झाला कीं थंड असतांना शहाण्यासारखा वागतो, आणि तापला कीं त्यांतून वीज झिरपूं लागते. गुंडाळ्याच्या तारांचेंही तसेंच. जुन्या मॅग्नेटोंत तारांवरील आवरण म्हणून लाखेचें रोगण वापरीत, आणि त्या काळीं जगाला लाख पुरविण्यांत हिंदुस्थान अग्रेसर होता. लाख उष्णतेला किती भिते हें लाक्षागृहाची कथा ऐकलेल्या वाचकांस सांगावयास नको. वर्षानुवर्षांच्या धगीनें तें रोगण मऊ पडतें, चिघळतें, आणि वीज आपला मार्ग सोडून भलतीकडे जाऊं लागते.

परिणाम असा होतो, कीं सकाळीं अंगणांत गाडी उत्तम चालते, दहा-पंधरा मैलांवर तापून बंद पडते आणि निवाल्यावर पुन्हां सुरू होते. गॅरेजमध्यें नेईपर्यंत ती थंड झालेली असते. मिस्त्री किक मारतो, ठिणगी निळीशार पडते, आणि "करंट ठीक आहे, कार्बोरेटरच पाहिला पाहिजे" असा निर्वाळा मिळतो. यांत मिस्त्रीचा दोष थोडा. हिंवतापाच्या रोग्यास ताप उतरल्यावर वैद्याकडे नेलें तर वैद्यानें तरी काय पाहावें? ठिणगीची परीक्षा गाडी बंद पडल्या क्षणीं, बंद पडल्या जागीं, इंजिन हाताला चटका देत असतांनाच झाली पाहिजे. याच कारणासाठीं जुन्या काळचे स्वार आपल्या पिशवींत प्लग खोलण्याचा पाना ठेवीत. त्यांची ही संवय आतां मोडत चालली आहे.

ठिणगीचा विचार झाला. आतां पेट्रोलकडे वळूं. १९२७ सालीं इंग्लंडांतील तीन कार्बोरेटर-कारखाने एकत्र होऊन अमल ही कंपनी निघाली, आणि पुढील तीस-चाळीस वर्षें बहुतेक इंग्रजी मोटारसायकलींवर तिचेच कार्बोरेटर दिसूं लागले. या गाड्यांत पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खालीं, आणि मध्यें एक नळी; पेट्रोल आपल्या वजनानेंच उतरतें. व्यवस्था इतकी साधी आहे कीं तींत बिघडण्यासारखें कांहीं असेल असें वाटूं नये. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. त्यांची जुनी बुलेट गांवांत निमूट चाले, परंतु लांबच्या रस्त्यास लागली कीं सात-आठ मैलांवर झटके खाई आणि बंद पडे. त्यांनीं तीन वेळां कार्बोरेटर साफ करविला, दोन प्लग बदलले, कॉइल नवी घातली. गाडी बंद पडली म्हणजे ते उतरून टाकीचें टोपण उघडीत, आंत पेट्रोल आहे अशी खात्री करून घेत, टोपण लावीत, जरा वेळ थांबून किक मारीत; आणि गाडी सुरू होई. हा प्रकार वर्षभर चालला.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल, कीं या गृहस्थांच्या स्वतःच्या हातांनीं प्रत्येक वेळीं रोग बरा होत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. टाकींतून जेवढें पेट्रोल खालीं उतरतें तेवढी हवा वरून आंत यावी लागते. त्यासाठीं टोपणास एक बारीक भोंक असतें. तें धुळीनें व गंजानें बुजलें होतें. थोड्या अंतरापर्यंत पेट्रोल उतरे, मग आंत निर्वात होऊं लागे, धार बारीक होई, इंजिन उपाशी पडे. टोपण उघडतांच हवा 'सूं' करून आंत शिरे आणि पुढील सात-आठ मैलांची बेगमी होई. गांवांतील लहान फेरींत तेवढा निर्वात होण्याआधींच घर येई. पुढें एका वृद्ध मिस्त्रीनें त्यांना एकच प्रश्न विचारला, "साहेब, गाडी बंद पडल्यावर तुम्ही पहिलें काय करतां?" उत्तर ऐकून त्यानें टोपण हातांत घेतलें आणि एका बारीक तारेनें वर्षभराचा रोग अर्ध्या मिनिटांत काढून टाकला.

हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपल्याकडील वैद्यकांत चिकित्सेच्या आधीं निदान असतें, आणि माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ तर केवळ रोग ओळखण्याच्या शास्त्रासाठींच मान्यता पावला. फटफटीच्या बाबतींतही औषधाआधीं लक्षण विचारलें पाहिजे. आणि सर्वांत मोठें लक्षण म्हणजे ती थांबली कशी हें. दिवा फुंकरीनें विझावा तशी एका क्षणांत, कसलीही सूचना न देतां गाडी मुकी झाली, तर बहुधा दोष विजेचा. एखादी तार तुटली असेल, पॉइंट चिकटले असतील, किंवा कन्डेन्सरनें हात टेकले असतील. हँडल एका बाजूस वळवितांच आवाज बंद पडत असेल, तर हँडलाच्या मानेशीं वर्षानुवर्षें वांकून झिजलेली तार पाहावी. याच्या उलट गाडी आधीं अडखळली, दम घेऊं लागली, सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून ठसके आले आणि मग हळूहळू ती शांत झाली, तर दोष बहुधा पेट्रोलचा. कॉक, नळी, जेट, टोपणाचें भोंक, किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या सांध्यांतून शिरणारी चोरटी हवा, यांपैकीं कांहीं तरी असावें. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला घट्ट धरतो. गाडी थांबत नसून कोणी मागून ओढीत आहे असें वाटतें. अशा वेळीं तत्काळ क्लच दाबला नाहीं तर मागचें चाक जाम होऊन स्वार रस्त्यावर पडतो. येथें निदानाला क्षणाचाही अवधि नसतो. लक्षण आधींच ठाऊक असावें लागतें.

इतकें कळल्यावर पुढील परीक्षा क्रमानें करावी. अमल कार्बोरेटरच्या वाटीवर एक लहान बटण असतें. तें दाबतांच पेट्रोल ओघळलें तर टाकीपासून तेथपर्यंतची वाट मोकळी आहे. न ओघळलें तर टोपण उघडून पुन्हां दाबावें. मग प्लग काढावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोहोंचतें पण पेटत नाहीं. कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोंचत नाहीं. प्लग तारेला जोडून इंजिनच्या धातूवर टेकवावा, ओघळलेलें पेट्रोल जवळ राहूं देऊं नये, आणि किक मारून ठिणगी पाहावी. आणि सर्वांत मुख्य नियम असा, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी सुरू झाली तर गाडी मिळते पण ज्ञान मिळत नाहीं. आणि पुढच्या वेळीं ती पुन्हां बंद पडली म्हणजे आपण होतों तेथेंच असतों.

या विद्येचा आपल्या देशाशीं विशेष संबंध आहे. १९५५ सालीं मद्रास मोटर्स आणि इंग्लंडांतील रॉयल एन्फील्ड यांच्या भागीदारीनें मद्रास येथें बुलेट जुळविली जाऊं लागली. पुढें इंग्लंडांतील मूळ कारखाना बंद पडला, परंतु मद्रासचा चालूच राहिला, आणि १९५० च्या सुमाराच्या आराखड्याचें तें इंजिन, कांहीं फेरफारांसह, अर्धशतकाहून अधिक काळ आपल्याकडे निघत राहिलें. १९६१ च्या सुमारास म्हैसूरच्या कारखान्यांतून चेकोस्लोव्हाकियाच्या धर्तीवरील जावा बाहेर पडूं लागली. अशा रीतीनें जें यंत्र युरोपांत छांदिष्टांच्या संग्रहीं जाऊन बसलें होतें, तें येथें शिक्षकांना, दूधवाल्यांना, फौजदारांना आणि शेतकऱ्यांना वाहत होतें. पॉइंट घांसून त्यांतील फट पोस्टकार्डाच्या तुकड्यानें मापणारा, आवाज ऐकून दोष सांगणारा रस्त्याकडेचा मिस्त्री ही या दीर्घायुष्याची निष्पत्ति होय. त्याच्याजवळ ग्रंथ नव्हता. पण निदानाची परंपरा होती.

ती परंपरा आतां दोन्ही बाजूंनीं क्षीण होत आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. नव्या गाडीचा दोष तिला यंत्र जोडून वाचतात, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. पण त्या पद्धतीवर वाढलेल्या तरुण कारागिरास मॅग्नेटोची भाषा कोठून यावी? दुसरीकडे पेट्रोलच बदललें आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशांत पेट्रोलमध्यें शेंकडा २० एथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. एथेनॉल हा मद्यार्क असल्यामुळें तो पाणी ओढून घेतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि टाकींत पाण्याचा अंश वाढला, कीं मद्यार्क व पाणी एकत्र होऊन तळाशीं बसतात, आणि पेट्रोलचा कॉक नेमका तळाजवळच असतो. जुन्या रबरी नळ्या आणि टाकीच्या आंतील जुनें रोगण यांसही तें मानवत नाहीं. त्यांचे सुटलेले कण जेटमध्यें जाऊन बसतात. म्हणजे वर्षांतून एकदां दसऱ्याला बाहेर निघणाऱ्या आजोबांच्या गाडीला थांबण्याचें हें अगदीं नवें कारण मिळालें आहे. तिची टाकी व फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवणें आणि नळ्या वेळच्या वेळीं बदलणें, एवढ्यानें तें बरेंचसें टळतें.

निदानांत खरा अडथळा अज्ञानाचा नसून पूर्वग्रहाचा असतो. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग याच्या १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, मोटारसायकलीची निगा आणि झेन यांवरील ग्रंथांत एक प्रसंग आहे. पावसांत त्याची गाडी बंद पडते. टाकी हलवून पाहिली तर आंत पेट्रोल डुचमळतें, तेव्हां दोष पावसाचाच असें ठरवून तो प्रवास सोडून घरीं परततो. पुढें कळतें, कीं डुचमळत होतें तें राखीव पेट्रोल, आणि त्याचा कॉक त्यानें उघडलाच नव्हता. यंत्रावर एवढें चिंतन करणाऱ्या माणसाची ही कथा. पाऊस समोर दिसत होता, म्हणून पाऊसच गुन्हेगार ठरला. राज्यांच्या इतिहासांतही असेंच होतें. पडझडीच्या वेळीं जो समोर उभा असतो त्याच्या माथीं सारा दोष मारून आपण मोकळे होतों, आणि टोपणाचें बुजलेलें भोंक कोणी पाहत नाहीं.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. ज्या घरांत अशी जुनी गाडी आहे, त्या घरांत तिच्याबरोबर एक लहानशी वही असावी. गाडी केव्हां बंद पडली, किती मैल चालल्यावर, ऊन होतें कीं पाऊस, चढ होता कीं सपाटी, एकदम थांबली कीं धापा टाकीत, त्यानंतर पहिलें काय केलें आणि कशानें सुरू झाली, एवढें तिच्यांत लिहावें. आजोबांच्या पिढीस हें सारें तोंडपाठ होतें, म्हणून त्यांनीं तें लिहिलें नाहीं. नातवांच्या हातीं गाडी आली, पण तिच्या खोडी आल्या नाहींत. आमच्या परिचयाच्या त्या गृहस्थांनीं आतां अशी वही ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनीं तारीख घालून एवढेंच लिहिलें आहे, कीं टोपणाचें भोंक तारेनें साफ केलें, आणि घाट चढून गाडी न थांबतां वर आली.